सरासरी आणि माझा मान



सूर्यास्ताआधी जेवणं आटोपली, की ओटा आवरून मी नातीजवळ गृहपाठाला बसते. ती आठवीत, मी चाळीस वर्षांपूर्वीची बी.कॉम. गणितात घरात माझाच शब्द शेवटचा, असा माझा समज होता.

परवा गणित होतं : गाडी एका गावाला ताशी ४० किमी वेगाने गेली, त्याच रस्त्याने ताशी ६० ने परत आली. सरासरी वेग किती? मी भाजी निवडता निवडता म्हणाले, "शंभर भागिले दोन, पन्नास. लिही."

दुसऱ्या दिवशी वहीवर लाल फुली. वर मी म्हणाले, "बाईंचंच चुकलं असेल." नात काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरला.

रात्री झोप येईना. उठून कागद घेतला. अंतर माहीत नाही, म्हणून ते क्ष मानलं. जायला क्ष/४० तास, यायला क्ष/६० तास. दोन्ही मिळून क्ष/२४. एकूण अंतर २क्ष. भागल्यावर क्ष उडून गेला, उरले ४८! अंतर १२० किमी धरून ताळा केला : ३ तास आणि २ तास, २४० भागिले ५, पुन्हा ४८. गाडी हळू असताना जास्त वेळ रस्त्यावर होती, म्हणून सरासरी ४० कडे झुकली.

आणि हे मला माहीत असायला हवं होतं. ६०० रुपये दराने दोन किलो तूप आणि ९०० ने एक किलो घेतलं, तर सरासरी दर ७५० नाही, ७०० पडतो. हा हिशेब तर मी रोज करते. कॉलेजात हार्मोनिक मीनसुद्धा शिकले होते.

नवव्या शतकात 'गणितसारसंग्रह' लिहिणारे महावीराचार्य आपलेच, हे मी नातीला अभिमानाने सांगते. पण क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांतला 'मान' माझ्याच स्वयंपाकघरात बसला होता, तो दिसला नाही. चुकीच्या उत्तरापेक्षा बाईंवर ढकललेला दोष मोठा.

सकाळी वेणी घालताना म्हटलं, "बाळा, बाई बरोबर होत्या. आजी चुकली. मला क्षमा कर."

ती हसली. "आजी, आता ४८ कसं आलं ते सांग ना."

दोघींनी मिळून पुन्हा क्ष मांडला. या वेळी पेन्सिल तिच्या हातात होती.