चालू सर्व्हरवरची झाडझूड

रात्री फोन वाजतो आणि पलीकडून एकच वाक्य येतं: डिस्क फुल झालीय. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला पुढचं ऐकायची गरज नसते. डेटाबेस लिहायला नकार देतोय, लॉगिन होत नाही, लोकांची कामं अडकली आहेत. मशीन बंद करून निवांत आवरावं अशी सोय नाही. गिऱ्हाईक आत असतानाच दुकान झाडायचं. अशा वेळी हात आपोआप 'आरएम'कडे, म्हणजे फाइल पुसण्याच्या कमांडकडे जातो. मुरलेला माणूस तिथेच हात आवरतो आणि आधी बघतो.

पहिली कमांड 'डीएफ'. कोणत्या पार्टिशनवर किती जागा उरली, ते ती सांगते. मग 'डीयू' लावून एकेक फोल्डर मोजत खाली उतरायचं. बहुतेकदा मुद्देमाल सापडतो तो 'व्हार' या डिरेक्टरीच्या पोटात: चाचणीपुरतं वाढवलेलं लॉगिंग कमी करायचं कुणीतरी विसरलेलं असतं आणि चाळीस जीबीची एक फाइल फुगून बसलेली असते. नवखा माणूस ती उडवतो. 'डीएफ' पुन्हा चालवतो. आकडा तसाच, शंभर टक्के.

या कामाची मेख इथे आहे. युनिक्स घराण्यातल्या सिस्टिममध्ये फाइल पुसणं म्हणजे डिरेक्टरीतून तिचं नाव काढणं. फाइलीचा खरा संसार आयनोडमध्ये असतो. तिला नावं किती, तिचे ब्लॉक कुठले, हे सगळं तिथे नोंदलेलं. शेवटचं नाव गेलं तरी एखाद्या प्रोग्रॅमने ती उघडून धरली असेल तर ब्लॉक सुटत नाहीत. दारावरची पाटी काढली म्हणून भाडेकरू घर सोडत नाही. 'डीयू' नावं बघत फिरते, म्हणून तिला ती फाइल दिसत नाही. 'डीएफ' थेट फाइल सिस्टिमचा हिशेब विचारते, म्हणून तिला जागा भरलेलीच दिसते. दोघींचे आकडे जुळेनात की 'एलएसओएफ' या कमांडला विचारायचं. नाव गेलेली पण अजून उघडी असलेली फाइल आणि तिला धरून बसलेली प्रोसेस, दोन्ही ती समोर आणते. ती प्रोसेस रीतसर रीस्टार्ट केली की जागा सुटते.

खरं तर चालू लॉग पुसायचाच नसतो. त्याचा शेवटचा भाग दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यायचा आणि फाइल जागच्या जागी रिकामी करायची. तो शेवटचा भाग जपायलाच हवा, कारण लॉग इतका का फुगला याचं उत्तर बहुधा त्यातच असतं.

कधी कधी जीबी मोकळे असतात आणि तरीही सिस्टिम जागा नाही म्हणते. 'एक्स्ट-फोर' या फाइल सिस्टिममध्ये आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, साधारण १६ केबीमागे एक. लाखो चिमुकल्या सेशन फाइली साचल्या की आयनोड आधी संपतात. हीच फाइल सिस्टिम ५ टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. एक टीबीच्या डिस्कवर सुमारे ५० जीबी. बाकी सगळं अडलं तरी रूटला आत शिरून काम करता येतं, ते या राखीव जागेमुळे. तिला अडचणीच्या वेळी हात लावू नये.

सर्वांत मोठा धोका मात्र नावात दडलेला असतो. पोस्टग्रेसच्या डेटाबेसमध्ये 'पीजी-एक्सलॉग' नावाची डिरेक्टरी होती. आत १६ एमबीच्या फाइली, आणि नावात 'लॉग'. हा लॉग म्हणजे प्रत्येक बदलाची आगाऊ नोंद. मशीन अचानक पडलं तर डेटाबेस तिच्याच आधाराने पुन्हा उभा राहतो. फालतू लॉग समजून ती पुसली तर डेटाबेस सुरूच होईना अशी वेळ येते. अखेर २०१७ साली दहाव्या आवृत्तीत त्या डिरेक्टरीचं नाव 'पीजी-वॉल' झालं. पुसण्याजोग्या लॉग फाइली असल्याचा गैरसमज कमी व्हावा, हे कारणही आवृत्तीच्या टिपणात दिलं आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी वापरणाऱ्याच्या घाईचा इतका विचार करावा, ही फार मोलाची गोष्ट आहे. ही डिरेक्टरी फुगली तर नोंदींचं आर्काइव्हिंग अडलं आहे का, बंद पडलेल्या एखाद्या रेप्लिकाचा, म्हणजे डेटाबेसच्या प्रतीचा, रेप्लिकेशन स्लॉट जुन्या नोंदी धरून बसला आहे का, हे शोधायचं. कारण दूर झालं की डेटाबेस स्वतःच जागा मोकळी करतो. मायएसक्यूएलच्या बायनरी लॉगचंही तसंच. ते हाताने न पुसता डेटाबेसलाच सांगून काढून टाकायचे.

या कामाचा सर्वांत दूरचा दाखला मंगळावरचा आहे. जानेवारी २००४ मध्ये तिथे उतरलेली नासाची 'स्पिरिट' ही बग्गी तीन आठवड्यांच्या आतच पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागली. फ्लॅश मेमरीत फाइलींची संख्या इतकी वाढली होती, की त्यांची यादी सांभाळायला रॅम पुरेना. यातल्या कितीतरी फाइली मंगळाकडे जातानाच्या प्रवासातल्या होत्या. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी आधी तिला फ्लॅशला न शिवता, केवळ रॅमवर उभं केलं. मग दोष शोधला, नको त्या फाइली पुसल्या आणि फेब्रुवारीत फ्लॅश फॉरमॅट केली. तीन महिन्यांच्या कामासाठी पाठवलेल्या त्या बग्गीचा शेवटचा संदेश पृथ्वीवर पोचला २२ मार्च २०१० रोजी.