चर समपातळीत हवा

डोंगरउतारावर चर आखताना माझं सगळं लक्ष हायड्रोमार्करच्या नळीतल्या पाण्यावर असतं. हायड्रोमार्कर म्हणजे मापं कोरलेल्या दोन काठ्या, त्यांना जोडणारी लांब पारदर्शक नळी आणि तिच्यात भरलेलं पाणी. दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच आकड्याला थांबलं की त्या दोन जागा समपातळीत आल्या. तिथं फक्की टाकायची आणि पुढं सरकायचं. नळीत बुडबुडा राहिला तर आकडा खोटा येतो. नवी मुलं इथंच घाई करतात. चर जरासा जरी कलला, तर अडवलेलं पाणी त्या टोकाला धावतं, भराव फोडतं आणि खालच्या शेताचा बांध घेऊन जातं. असा चर खणण्यापेक्षा उतार तसाच सोडलेला बरा.

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो आणि पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड पर्जन्यछायेत कोरडे राहतात. हिवरे बाजारला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास, तोही थोड्या जोरदार सरींत. पाऊस वाढवणं आपल्या हाती नाही. पडलेल्या पावसाला माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालायला लावणं तेवढं हाती आहे. म्हणून काम माथ्यावरून सुरू करायचं. आधी पायथ्याला बंधारा बांधला, तर दोन-चार पावसाळ्यांत तो गाळानं भरतो. पण बंधारा सगळ्यांना दिसतो, उद्घाटनाला सोयीचा असतो, त्यामुळे मागणी त्याचीच होते.

१९७५ नंतर राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी आणि १९८९ पासून हिवरे बाजारात पोपटराव पवार यांनी लोकांना बरोबर घेऊन पाणलोटाचं हेच काम केलं. फादर हर्मन बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ मध्ये उभी केलेली ‘वॉटर’ ही संस्थाही याच जिल्ह्यातून वाढली. मला मात्र त्यांच्या चरांहून त्यांचे निर्बंध मोठे वाटतात. हिवरे बाजारात शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे आणि पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस कमी, तर त्या वर्षीची पिकंही तशीच. विहिरीला पाणी दिसलं की हात उसाकडे वळतो. तिथं स्वतःला आवरणं खोदाईपेक्षा कितीतरी अवघड.

या निर्बंधांतल्या चराईबंदीबद्दल मात्र मन अजूनही पूर्ण निःशंक नाही. गवत वाढतं, माती धरली जाते, हे खरं. पण बंदीचा पहिला घाव शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या भूमिहीन घरांवर बसतो आणि वाढलेल्या पाण्याचा पहिला घोट विहीरवाल्याला मिळतो. विळ्यानं गवत कापून न्यायची मुभा असली, तरी ज्याच्या गोठ्यात गाय नाही त्याला त्याचा उपयोग काय? एकाचा दुष्काळ हलका करताना दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचा नसेल, तर बंदी टप्प्याटप्प्यानं हवी. एक डोंगर बंद, तर दुसरा खुला.

चर दर पावसाळ्यात गाळानं थोडा थोडा उथळ होतो. पैसा बहुधा खोदाईला मिळतो, गाळ काढायचं काम गावावर पडतं. त्यामुळे ग्रामसभेत मी आधी गाळ कोण काढणार तेच विचारतो, आणि गाळ काढणाऱ्या गटाचं नाव ठरावात आल्याशिवाय आखणीची तारीख देत नाही.