मांजराकाठची माणसं दर्यावर

भालकी स्टेशनात मुंबईची गाडी लागली तेव्हा आमचा घोळका पाहून फलाटावरच्या एका ओळखीच्या काकांनी विचारलं, "पंढरपूरला निघालाव का?" सासूबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "नाही भाऊ, समुद्रावर चाललोत. बोटीनं गोव्याला." काका थोडा वेळ बघतच राहिले. मग म्हणाले, "तब्येतीला जपा बरं का."

आमच्या बिदर-कलबुर्गी भागातली मराठी माणसं फिरत नाहीत असं नाही. पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर, तिरुपती या फेऱ्या ठरलेल्याच. पण बिदरपासून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेतसुद्धा साडेचारशे किलोमीटरहून लांब. आमच्यासाठी पाणी म्हणजे मांजरा नदी, कारंजाचं धरण आणि शेतातली विहीर. मुलगा परदेशात असेल तर त्याने आईबापाला सिंगापूरला नेऊन क्रूझ घडवावी, एरवी त्या वाटेला कुणी जात नाही, अशीच इथली समजूत. ती बदलावी म्हणून हे लिहिते आहे. 2018 मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' ही क्रूझ सुरू झाली; ती पुढे बंद पडली. 2021 पासून कॉर्डेलिया कंपनीच्या मोठ्या जहाजाच्या फेऱ्या मुंबईहून सुरू झाल्या. 20 सप्टेंबर 2025 रोजी बॅलार्ड पियरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. तिथे एका वेळी पाच जहाजं लागू शकतात. देशातल्या देशात जाणाऱ्या फेरीला पासपोर्ट लागत नाही. बिदरहून संध्याकाळी गाडीत बसलेला माणूस सकाळी सीएसएमटीला उतरतो आणि तिथून टॅक्सीने थोड्या वेळात टर्मिनलवर पोचतो.

आम्ही भालकी, बसवकल्याण आणि आळंदची काही कुटुंबं एकत्र निघालो होतो. भालकीची गाडी कमलनगर, उदगीर, लातूर, बार्शी करत जाते. आळंदची मंडळी कलबुर्गीहून सोलापूरमार्गे आली. बिदरची गाडी रोज नसते, म्हणून जहाजाची तारीख धरण्याआधी गाडीचा वार पाहावा. आणि जहाज ज्या दिवशी सुटतं त्याच दिवशी सकाळी मुंबईत उतरायचा बेत करू नये. गाडी चार तास रखडली तर जहाज थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. आम्ही आदल्या दिवशीच पोचलो, दादरला नातेवाइकांकडे मुक्काम केला आणि निवांत निघालो.

पैशांचं बोलणं आधी करते, कारण लोक फसतात ते तिथेच. जाहिरातीत जो आकडा असतो तो बहुधा एका केबिनमध्ये दोघं धरून माणशी असतो. त्यावर जीएसटी, बंदराचे आकार आणि कर्मचाऱ्यांची सेवा-बक्षिसी चढते. आळंदच्या एका कुटुंबाला त्यांच्या एजंटाने हे नीट सांगितलंच नव्हतं, आणि ऐन वेळी त्यांना बरीच रक्कम वाढवून भरावी लागली. तेव्हा एकच प्रश्न विचारावा: "सगळं धरून किती?" आणि उत्तर लेखी घ्यावं. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. चढताना एक कार्ड मिळतं, तीच खोलीची किल्ली आणि तेच पाकीट. शीतपेयं, खास उपाहारगृहातलं जेवण, फोटोवाल्याने काढलेले फोटो, सगळं त्या कार्डावर लिहिलं जातं. मुलांच्या हाती कार्ड देताना ते पैसे आहेत हे त्यांना समजावून द्यावं आणि रोज संध्याकाळी काउंटरवर हिशेब पाहून घ्यावा.

आमच्या भागासाठी आणखी एक खास सूचना. आपल्या आधार कार्डावर नाव कन्नड आणि इंग्रजीत असतं. बिरादार, पाटील, कुलकर्णी, कुठलंही आडनाव असो, इंग्रजी स्पेलिंग घरातल्या घरात बदलतं. कुणाच्या कार्डावर वडिलांचं नाव पूर्ण असतं, कुणाच्या नुसतं आद्याक्षर. तिकिटावरचं नाव आधारवरच्या इंग्रजी नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. वेब चेक-इन घरूनच करावं, मूळ ओळखपत्र जवळ ठेवावं.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा हातातून घेतात, त्यांना केबिन नंबरचा टॅग लावतात आणि त्या काही तासांनी खोलीच्या दाराशी येतात. म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या, चष्मा, मोबाइलचा चार्जर आणि एक जोडी कपडे खांद्यावरच्या पिशवीत ठेवावेत. इस्त्री, विजेची किटली, एक्स्टेन्शन बोर्ड या वस्तू जहाजावर नेऊ देत नाहीत, कारण भर समुद्रात आगीएवढं मोठं संकट नाही. बहुतेक जहाजांवर घरचं शिजवलेलं अन्नही चालत नाही. आमच्या दशम्या, धपाटे आणि शेंगाची चटणी गाडीत आणि दादरलाच संपवली.

जहाज सुटण्याआधी सगळ्या प्रवाशांना एका ठरलेल्या जागी जमवतात. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा संकटाचा इशारा. तो झाला की कुठे जमायचं, जीवरक्षक जाकीट कसं घालायचं, कुठल्या होडीत बसायचं, हे सांगतात. 2012 च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आपटली आणि 32 माणसं गेली. बऱ्याच प्रवाशांची ही कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घ्यायची असा जगभर नियम झाला. आपल्या मराठी माणसाला तर इतक्या दूर पाहायची गरज नाही. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं दर्याने घेतली. म्हणून ही अर्धा तासाची कवायत कंटाळवाणी म्हणून टाळू नये. घरातल्या तरुणाने सूचना नीट ऐकाव्यात आणि म्हाताऱ्या माणसांना आपल्या बोलीत पुन्हा समजावून सांगाव्यात.

सासूबाईंनी नुसतं ऐकून घेतलं नाही. "मला बांधून दाव," म्हणाल्या. जाकीट दाखवणारा मुलगा मंगळूरचा निघाला. लुगड्याचा पदर त्यांनी कमरेला खोचला, त्याने जाकीट डोक्यावरून घातलं, पट्टा पाठीमागून पुढे आणला, पोटाशी खटका लावला आणि पट्टा ओढून घट्ट केला. मग त्यांचाच हात धरून खांद्यावरची शिट्टी आणि लहानसा दिवा चाचपून दाखवला. सासूबाईंनी खटका स्वतः सोडला, स्वतः लावला, पुन्हा सोडला. तो कन्नड बोलतो हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "ऊटा आयता?" पोरगा खुलला. "इल्ला अज्जी, आमेले," म्हणाला. पुढच्या सगळ्या प्रवासात आमचं टेबल दिसलं की तो आधी अज्जीला भेटायला यायचा.

केबिन निवडताना पैशांइतकाच गुडघ्यांचा विचार करावा. बिनखिडकीची आतली खोली स्वस्त असते आणि झोपेपुरती पुरते. पण दिवा मालवला की दिवस की रात्र ते कळत नाही, आणि काही वयस्कर माणसं त्याने घाबरतात. न्हाणीघराला उंबरा असतो, तो अंधारात पायाला लागतो. रात्री तिथला दिवा चालू ठेवून दार किंचित उघडं ठेवावं. लिफ्टजवळची खोली आधीच मागून घ्यावी. चाकाची खुर्ची हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगावं. आणि ज्याला बोट लागते त्याच्यासाठी जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली उत्तम. नाळेकडे, टोकाला आणि उंचावर हेलकावे जास्त जाणवतात.

पहिल्या रात्री मावशी, म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, उठून बसल्या. "आगं, बोट हलायलीय का माझं डोकं फिरायलंय?" समुद्र तसा शांत होता. दिवाळीनंतर होळीपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर तो असाच असतो, आणि आमच्याकडच्या रब्बीच्या कामातून सवड काढता आली तर हाच हंगाम गाठावा. मावशींना मी उघड्या डेकवर नेलं, लांब क्षितिजाकडे बघायला सांगितलं, आल्याचा तुकडा चघळायला दिला. अर्ध्या तासात त्यांना बरं वाटलं. उलटीची गोळी घ्यायची तर ती त्रास सुरू होण्याआधी घ्यावी लागते आणि बीपीच्या रुग्णांनी गावातल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. उपाशीपोटी राहू नये, तुडुंब जेवूही नये.

जेवणाची चिंता मात्र कुणी करू नये. पुरी-भाजी, इडली, वरण-भात, जैन जेवण, सगळं होतं. ज्वारीची भाकरी नव्हती आणि ती अपेक्षाही ठेवू नये. एकादशी असलेल्या काकूंनी स्वयंपाक्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं, तर त्यांना फळं आणि उकडलेले बटाटे वेगळे काढून मिळाले. मागितलं तर मिळतं; मागायला लाजू नये.

किनारा सुटला की थोड्याच वेळात मोबाइलची रेंज जाते. तेव्हा फोन फ्लाइट मोडवर टाकावा. नाहीतर तो जहाजाच्या उपग्रह-नेटवर्कला आपोआप जोडला जातो आणि महिनाअखेरीला रोमिंगचं दांडगं बिल येतं. घरी आधीच सांगून ठेवावं की दोन दिवस फोन लागला नाही तर काळजी करू नका.

गोव्याकडे जाताना किनारा डावीकडे राहतो, येताना उजवीकडे. मुंबईचे दिवे मागे पडले तेव्हा मी डाव्या कठड्याशी उभी होते. त्या अंधारात कुठेतरी चौल होतं, आणखी खाली दाभोळ. आम्हा बिदरकरांना या दोन नावांचा विसर पडला आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यात इराणच्या गिलान प्रांतातला एक व्यापारी समुद्रमार्गे दाभोळला उतरला आणि बिदरला आला. तोच महमूद गवान, बहमनी राज्याचा वजीर. 1472 मध्ये त्याने बिदरला बांधलेला मदरसा आजही निळ्या-हिरव्या फरशांच्या तुकड्यांसह उभा आहे. शाळेची सहल घेऊन आम्ही शिक्षक दरवर्षी तिथे जातो. त्याच सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन चौलला उतरला, जुन्नरला पावसाळा काढला आणि बिदरला पोचला. परत जाताना तो दाभोळहून गलबतात बसला. त्या काळी बिदरचं वैभव या बंदरांतून चालत आलं. घोडे, रेशीम, विद्वान, कारागीर, सगळे याच पाण्यावरून आले. कोरड्या पठारावरचं आमचं गाव दर्याशी बांधलेलं होतं, हे पुस्तकात वाचलेलं मला त्या कठड्याशी पहिल्यांदा खरं वाटलं.

सकाळी जहाज मुरगाव बंदरात लागलं. इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे परतायची वेळ. ती जहाजावरच्या घड्याळाप्रमाणे असते, आणि त्याआधी किमान एक तास बंदरात यावं. पणजीकडची वाट लांबची, वाटेत वाहतूक तुंबते. आम्ही टॅक्सी दिवसभरासाठी आधी भाव ठरवून घेतल्या, दोन कुटुंबांत एक. समुद्रकिनारे पाहायला पुन्हा कधीही येता येईल म्हणून जुन्या गोव्यात गेलो. चर्चच्या गर्दीपासून बाजूला आदिलशहाच्या वाड्याची एक कमान शिल्लक आहे. गवानने 1472 मध्ये विजयनगरकडून गोवा घेतला आणि तो बहमनी राज्याला जोडला. पुढे बहमनी सत्ता फुटली, तिचाच सरदार यूसुफ आदिलखान विजापूरचा धनी झाला, आणि 1510 मध्ये पोर्तुगीजांनी हे गोवा शहर जिंकलं. त्या कमानीपाशी मी मुलांना म्हटलं, इथे एकेकाळी आपल्या बिदरहून हुकूम येत असत. बसवकल्याणच्या आठवीतल्या मुलीने लगेच विचारलं, "मग बिदरहून इथं यायला किती दिवस लागायचे?" तिला निकितिनची वाट नकाशावर काढून दाखवायचं मी कबूल केलं आहे.

परतीच्या दिवशी उतरताना मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच दाराबाहेर ठेवाव्या लागतात, म्हणून सकाळचे कपडे आणि औषधं पुन्हा हातपिशवीत. कार्डाचं बिल रात्रीच तपासावं. सकाळी काउंटरवर रांग लागते. खर्च लग्नकार्याच्या मानाने काहीच नाही, आणि तीर्थयात्रेच्या मानाने जास्त आहे. माझा कौल विचाराल तर हा प्रवास एकदा करावा असाच आहे. पण गाजावाजा ऐकून नव्हे, तयारीनिशी. ज्यांना गर्दी, मोठ्या आवाजातलं संगीत आणि रांगा सोसत नाहीत त्यांनी सुट्टीचे दिवस टाळून आठवड्याच्या मधली फेरी धरावी.

सीमाभागातल्या माझ्या भावाबहिणींना एवढंच सांगते. सोयाबीन-तुरीचे पैसे हातात आले की घरावर मजला चढवायचा विचार आपण आधी करतो. त्यातले थोडे बाजूला काढा आणि आईवडिलांचे गुडघे चालते आहेत तोवर त्यांना दर्या दाखवा. तिकिटाआधी सगळं धरून किती ते विचारा, नावाचं स्पेलिंग जुळवा, आदल्या दिवशी मुंबई गाठा, गोळ्या हातपिशवीत ठेवा, आणि सात आखूड नि एक लांब भोंगा घरातल्या प्रत्येकाच्या कानात बसवा.