पिठावर उमटलेलं पाऊल

आमच्या लहानपणी माणसं घरी मरत. आता ती दवाखान्यात मरतात आणि अंत्यदर्शनासाठी तासाभरापुरती घरी आणली जातात. साठ-सत्तर वर्षांपूर्वी जन्मलेल्या आमच्या पिढीने दोन्ही पाहिलं. माजघरात अंथरुणाला खिळलेले आजोबा पाहिले आणि अतिदक्षता विभागाच्या काचेतून, नळ्यांच्या गुंत्यात शोधावे लागलेले वडीलही पाहिले.

तेव्हा म्हाताऱ्या माणसांची तयारी उघड असायची. काशीहून आणलेला गंगेचा गडू देवघरात असे, तोंड डाख लावून बंद केलेलं. दिवाळीला देव उजळायला काढले की आजी तो गडूही चिंचेने घासायची आणि घासता घासता सुनेला सांगायची, "शेवटचं पाणी तू घाल गं, थोरल्याचा हात कापतो." सून म्हणायची, "सणासुदीचं काय हे अभद्र!" पण हातातलं काम थांबायचं नाही. ट्रंकेच्या तळाशी कोरं लुगडं ठेवलेलं असे, त्याच्या घडीत क्रियाकर्मापुरते पैसे. ते कशाचे, हे घरातल्या पोरांनाही ठाऊक असे.

आता विमा आहे, नॉमिनी आहे, मृत्युपत्रही रजिस्टर केलेलं आहे. पण जेवताना कुणी हा विषय काढलाच, तर मुलं लगेच म्हणतात, "बाबा, निगेटिव्ह बोलू नका ना." दवाखान्यात डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात आणि नातेवाईक त्यांना विनवतात, "पेशंटला मात्र कळू देऊ नका." पेशंटला बहुतेक वेळा कळलेलं असतं. तो मुलांसाठी गप्प राहतो, मुलं त्याच्यासाठी गप्प राहतात, आणि जे बोलायचं ते दोघांचंही राहून जातं.

मुलांना तेव्हा कुणी दूर पाठवत नसे. खरं तर तेवढी सवड कुणालाच नसायची. तिरडी बांधायला बांबू आले की "सुतळी आण रे" म्हणून आम्हालाच पिटाळायचे. गेलेल्या माणसाच्या जागी दिवा लावत. त्याच्याजवळ पीठ पसरून वर पाटी पालथी घालत आणि सकाळी सगळं घर त्या पिठावर ओणवं होई. एखादी काकू म्हणायची, "पाखराचा पाय दिसतोय." आम्हीही डोळे ताणून बघायचो आणि दिसायचाही. आजी आता परत येणार नाही, हे त्या वेळी पक्कं कळे. ती कुठेतरी पाखरू झाली आहे, हा दिलासाही त्याच पिठातून मिळे.

मारिया नॅगी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्टमधल्या 3 ते 10 वर्षांच्या 378 मुलांना मरणाविषयी विचारलं होतं. तो अभ्यास 1948 साली प्रसिद्ध झाला. अगदी लहान मुलांना मरण म्हणजे झोप किंवा प्रवास वाटे. त्यापुढची मुलं मरणाला माणसाचं रूप देत. साधारण नवव्या वर्षानंतर ते अटळ आहे, आपल्यालाही आहे, हे उमजे. पुढच्या अभ्यासांत हे वय आणखी अलीकडे आलं. आज आम्ही नातवंडांना सांगतो की पणजी तारा झाली, आणि त्या दिवशी त्यांना टॅब देऊन मावशीकडे ठेवतो. "पणजी झोपली" असंही सांगून बसतो. मग ते पोर रात्री झोपायला घाबरतं, आणि ते का घाबरतंय हे आमच्या लक्षात येत नाही.

पण जुन्या काळाच्या आठवणीने गळा दाटून येतो, तेव्हा आम्हाला आमचाच भरवसा वाटत नाही. मुलांना मरण ओळखीचं होतं, कारण ते मुलांनाच गाठत होतं. 1971 साली देशात जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी 129 बाळं वर्षाच्या आत जात, आता हा आकडा तिसाच्या खाली आला आहे. आजीला मुलं किती, असं विचारलं तर ती आधी झालेली सांगायची, मग जगलेली. आमच्यापैकी कित्येकांच्या आळीत लाल आलवणातली, डोई केलेली एखादी म्हातारी होती. नवऱ्याच्या मरणाची शिक्षा ती जन्मभर भोगत होती. शेजारीण नवऱ्याच्या देहापाशी बसलेली असताना बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, तो आवाज आम्ही ऐकला आहे. हे बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने केला, तोही 2022 साली. तो काळ परत यावा, असं आम्ही कुठल्या तोंडाने म्हणणार?

भीतीही होतीच. मसणवट्याकडच्या वळणावर आम्ही श्वास रोखून पळायचो. पिंडाला कावळा शिवेना, की मोठ्यांचे चेहरे उतरायचे. मग घाटावर कुणीतरी हात जोडून मोठ्याने म्हणायचं, "धाकटीच्या लग्नाची काळजी करू नका, आम्ही आहोत." चार माणसांसमोर दिलेला तो शब्द पुढे पाळावा लागे. सुतकाचे दहा दिवस चूल थंड असायची. शेजारून पिठलं-भात यायचा आणि घरात कुणी ना कुणी बसलेलं असायचं. आता तिसऱ्या दिवशी ऑफिस, दहाव्याला घाटावर वेळ ठरवून गुरुजी. मोबाइलवर दीडशे जणांनी जोडलेले हात असतात, आणि रात्री दोन वाजता आपला रक्ताचा रिपोर्ट आपण एकटेच पुन्हा उघडून बघतो.

असं घरातलं, उघड मरण केवळ आपल्याकडचं नव्हतं. मरणाऱ्या माणसांशी बोलून 1969 साली पुस्तक लिहिणाऱ्या एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी त्यात स्वित्झर्लंडमधल्या आपल्या बालपणातला एक शेतकरी आठवला आहे. तो झाडावरून पडला आणि जगण्याची आशा उरली नाही. त्याने घरीच मरायचं ठरवलं, मुलींना एकेक करून जवळ बोलावलं, शेतीची व्यवस्था लावली. लहान मुलांनाही त्या घरातून कुणी हाकललं नाही.

आता कायद्याने एक वाट दिली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि 2023 साली त्याचे नियम सोपे केले. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते करता येतं. निरुपाय झाल्यावर व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे त्यात लिहिता येतं. आमच्या वयाचे काही जण ते करून ठेवू लागले आहेत. मसुदा वकिलाने दिलेला असतो, पण त्याखाली आम्ही आपल्या हाताने दोन ओळी वाढवतो: जमलं तर घरी न्या, आणि नातवंडांना खोलीबाहेर काढू नका.