पस्तिसांतील पांच

नववीच्या वर्गास समाजसुधारणेचा इतिहास शिकवितांना एक गोष्ट मी कित्येक वर्षें मोठ्या अभिमानानें सांगत आलों. १८६३ सालीं जोतीराव फुले यांनीं पुण्यांत आपल्या घराच्या आवारांत बालहत्या-प्रतिबंधक गृह उघडलें. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले. तेव्हां आमच्यासारख्या शाळेंत हें सांगतांना आवाज थोडा चढतोच! त्यांनीं लाविलेल्या जाहिरातींचा आशयही मी सांगें: विधवांनीं येथें येऊन गुप्तपणें व सुरक्षितपणें बाळंत व्हावें, मूल बरोबर न्यावें कीं येथेंच ठेवावें, हें त्यांच्या खुषीवर. इतकें झालें कीं धडा संपे.

पुढें एका दिवाळीच्या सुट्टींत जोतीरावांचा ४ डिसेंबर १८८४ चा अभिप्राय वाचावयास मिळाला. बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांवर काढिलेल्या टिपणांस तो दिलेला आहे. त्यांत ते लिहितात कीं, तोंपर्यंत या गृहांत पस्तीस विधवा येऊन बाळंत झाल्या. त्यांचीं पांच मुलें जिवंत आहेत आणि तीस मरण पावलीं. गर्भ लपविण्यासाठीं आयांनीं जीं विषारी औषधें घेतलीं असतील, त्यांनीं पोटांत असतांनाच झालेल्या इजेमुळें तीं गेलीं, असें त्यांचें अनुमान आहे.

तें पान मीं तीनदां वाचलें. जीव वांचविणारें दार उघडें होतें. पण त्या दारापर्यंत पोहोंचण्यापूर्वींच सातांपैकीं सहा बालकांवर घाव पडून चुकला होता.

तो घाव टप्प्याटप्प्यानें पडत असे. दिवस राहिल्याची शंका येतांच काढे. त्यांनीं न भागल्यास अधिक जालीम औषधें. तींही फुकट गेलीं तर नऊ महिन्यांनंतर विहीर. त्याच लेखांत जोतीरावांनीं एका ब्राह्मण विधवेची हकीकत दिली आहे. ती त्यांच्या स्नेह्याच्या घरीं स्वयंपाक करी. गर्भ पाडण्याचे सर्व उपाय थकले, मुलगा झाला, आणि लोकलज्जेस्तव तिनें त्याला मारून घराच्या मागील विहिरींत टाकलें. तिला जन्मठेप काळें पाणी झालें. या प्रकारानेंच जोतीराव व सावित्रीबाई हळहळलीं, आणि हें गृह निघालें. त्यांनीं अशाच एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला, तो यशवंत. तो पुढें डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई रोग्यांना त्याच्या दवाखान्यांत नेत, आणि त्याच सेवेंत १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला.

आज काढे गेले. १९७१ च्या कायद्यानें ठराविक कारणांसाठीं डॉक्टरांकडून गर्भपात करवितां येतो; २०२१ च्या दुरुस्तीनें त्याची वीस आठवड्यांची मुदत कांहीं स्त्रियांसाठीं चोवीस आठवडे झाली. आरंभीं गोळ्या, पुढें शस्त्रक्रिया. आईच्या जिवाचा धोका पुष्कळ कमी झाला, हें मी नाकारीत नाहीं. परंतु ज्याचें हृदय सहाव्या आठवड्याच्या सुमारास चालूं लागतें, तो जीव दुसऱ्याच्या सोयीनें मोजावयाचा नव्हे, असें माझें मत होतें व आहे. मत असणें मात्र फार सोपें असतें.

चार वर्षांपूर्वीं, पावसाळ्यांतील एका संध्याकाळीं, एका माजी विद्यार्थिनीची आई माझ्या घरीं आली. छत्री दाराबाहेर ठेवून ती खुर्चीच्या कडेवर बसली.

“सर, पोरीला चौथा महिना आहे. मुलगा पळून गेला. पाडायचं तिच्या मनांत नाहीं, पण वाड्यांत तिला ठेवूं कशी? बाळंतपण होईपर्यंत तिला ठेवून घेणारं कुणी तुमच्या ओळखीचं आहे का?”

मीं तिला काय दिलें? देवाची आज्ञा सांगितली. गर्भांतील जिवाचें पावित्र्य सांगितलें. अर्धा तास बोललों. मध्यें चहाही झाला. पत्ता मात्र एकही दिला नाहीं, कारण मला तो ठाऊक नव्हता, आणि शोधून देतों म्हणण्याचें सुचलें नाहीं. “खरं आहे तुमचं,” एवढें म्हणून ती उठली व छत्री झटकून निघून गेली.

पुढल्या उन्हाळ्यांत ती मुलगी भाजीबाजारांत दिसली. एकटीच होती. तिनें ओळख ठेवून नमस्कार केला. मीं कांहीं विचारलें नाहीं; विचारण्याचा अधिकार मीं त्या संध्याकाळींच गमाविला होता.

त्याच आठवड्यांत मीं चौकशीस निघालों. अविवाहित मातांना बाळंतपणापर्यंत ठेवून घेणारी संस्था आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणींच आहे. मूल वाढविणें अशक्य असेल तर तें बालकल्याण समितीच्या स्वाधीन करितां येतें, आणि आईला फेरविचारासाठीं साठ दिवस मिळतात, हेंही तेथेंच कळलें. या सर्व चौकशीस मला एक सकाळ लागली.