हेम्प म्हणजे ताग ना?

तुम्हाला झोप येते का हो? म्हणजे अगदी गादीवर पडल्या पडल्या? मला नाही यायची. हिंजवडीतल्या आमच्या प्रोजेक्टचा क्लायंट टेक्सासचा. त्याची सकाळ ती आमची संध्याकाळ. रात्री साडेअकराला कॉल संपायचा आणि डोकं मात्र दोन-अडीचपर्यंत चालूच. कोमट दूध झालं, जायफळ झालं, मेडिटेशनचं अ‍ॅप झालं. अशात ऑनसाइटहून परतलेल्या एका मैत्रिणीनं माझ्या हातात एक डबी ठेवली. आत लाल-पिवळ्या जेलीच्या गोळ्या, लहानपणी यात्रेत मिळायच्या तशा.

‘हेम्पच्या गमीज आहेत गं. गांजा नाही, घाबरू नकोस. तिकडे पेट्रोल पंपावरसुद्धा मिळतात.’

पेट्रोल पंपावर मिळतं म्हणजे निरुपद्रवी, हे माझं लॉजिक. (पेट्रोलही तिथेच मिळतं, हे तेव्हा सुचलं नाही.)

दीड महिना रोज रात्री एक गोळी. काय झोप लागायची! सकाळी डोकं जरा जड वाटायचं, पण ते हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये सगळ्यांचंच असतं. त्याच दिवसांत नव्या नोकरीची ऑफर आली. पगार घसघशीत वाढणार होता. मी राजीनामा टाकला, ऑफिसात पेढे वाटले. तिकडे गावी, अवसरी खुर्दला, आईनं आळीतल्या सगळ्या घरांत बातमी पोचवली. मग एचआरचा मेल आला : जॉइनिंगआधी मेडिकल, त्यात ड्रग टेस्ट. मी हसलेच. आपण कुठे काय घेतो? डबी आठवड्यापूर्वीच संपली होती आणि तिची आठवणसुद्धा झाली नाही. बाटलीत नमुना दिला आणि मॅचिंग कुर्त्यांच्या शॉपिंगला गेले.

चौथ्या दिवशी फोन. कॅनाबिस पॉझिटिव्ह.

मी सगळं खरं सांगितलं. हेम्प आहे, गांजा नाही, लेबलचा फोटोसुद्धा पाठवते म्हटलं. पलीकडची मुलगी सभ्य होती. ‘मॅम, रिपोर्टमध्ये हेम्प असा कॉलम नसतो,’ एवढंच म्हणाली. ऑफर गेली. जुन्या ऑफिसात माझ्या जागेवर माणूस घेऊन झाला होता. नोटीस पीरियड संपला, पुण्यातली रूम सोडली आणि बॅगा घेऊन मी मंचरची एसटी पकडली.

आता सांगते, त्या गोळीत होतं काय. मी हे नोकरी गेल्यावर वाचलं. तुम्ही आधीच वाचा. हेम्प आणि गांजा ही वेगवेगळी झाडं नाहीत. दोन्ही कॅनाबिसच. अमेरिकेनं २०१८ च्या शेती कायद्यात एक रेषा आखली : नशा आणणारं डेल्टा-९ टीएचसी वाळलेल्या झाडाच्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत असेल तर ते हेम्प. झाडासाठी ही रेषा ठीक आहे. पण ५ ग्रॅमच्या जेलीच्या गोळीचे ०.३ टक्के किती होतात? १५ मिलिग्रॅम! कॅलिफोर्नियात गांजाच्या दुकानातून रीतसर विकत घेतलं, तर एका वेळची मात्रा १० मिलिग्रॅमच्या वर नसते. म्हणजे लेबलवर ‘हेम्प’ आणि ‘०.३ टक्क्यांहून कमी’ हे दोन्ही खरं असूनही माणूस झिंगू शकतो. मला वाटायचं ती झोप होती... या पळवाटेनं खुद्द अमेरिकाच इतकी वैतागली की २०२५ च्या नोव्हेंबरात त्यांनी नवा कायदा केला : वर्षभरानंतर हेम्पच्या अख्ख्या डबीत मिळून ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालणार नाही. माझ्या एका गोळीत त्याच्या कितीतरी पट असणार.

बरं, लेबलवर तरी विश्वास ठेवावा का? २०१७ साली अमेरिकी संशोधकांनी इंटरनेटवरून सीबीडीची ८४ उत्पादनं मागवून तपासली. सीबीडी म्हणजे हेम्पमधला नशा न आणणारा घटक. लेबलवरचं प्रमाण जेमतेम ३१ टक्के उत्पादनांत बरोबर निघालं. आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं. माझ्यासारख्या कोणीतरी तीसुद्धा ‘घाबरू नकोस’ म्हणून घेतली असतील.

टेस्टचं गणित तर आणखी सरळ. लॅब टीएचसीही शोधत नाही, शरीरात त्याचं रूपांतर होऊन जे उरतं ते शोधते. हा अवशेष चरबीत मुरतो आणि हळूहळू बाहेर पडतो. एखाद्या वेळी घेतलं तर काही दिवसांत नाहीसा होतो, रोज घेणाऱ्यांच्या लघवीत महिनाभरही सापडू शकतो. पहिल्या चाचणीची रेषा साधारणतः एका मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम, ती ओलांडली की यंत्रावर पक्की तपासणी, तिची रेषा १५. शुद्ध सीबीडीनं ही टेस्ट सहसा पॉझिटिव्ह येत नाही, पण शुद्ध आहे हे सांगणार कोण? डबीच ना! वैमानिक आणि केबिन क्रू यांच्या अशा अचानक चाचण्या आपल्याकडे ३१ जानेवारी २०२२ पासून सुरू झाल्या आहेत, त्यामुळे विमानातल्या मैत्रिणींनो, तुम्ही तर दुप्पट जपा.

कायद्याचा भाग वाचताना मात्र मला खरोखर घाम फुटला. आपला १९८५ चा एनडीपीएस कायदा ‘हेम्प की गांजा’ असं विचारतच नाही. तो विचारतो, झाडाचा कोणता भाग? फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, आणि त्यांचं कशातही केलेलं मिश्रण तेही त्यातच. नुसतं बी आणि पान त्या व्याख्येबाहेर राहतं. म्हणून हेम्पच्या बिया, त्यांचं तेल आणि पीठ खाण्यासाठी विकायला एफएसएसएआयनं २०२१ मध्ये परवानगी दिली, टीएचसीची कडक मर्यादा घालून. म्हणून आयुर्वेदात ‘विजया’ या नावानं पानाची औषधं आहेत, ती वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायची. पण पानाची भांग महाराष्ट्रात मोकळी आहे असं समजू नका, तिला १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. आणि फुलाचा अर्क घातलेली परदेशी गोळी? ती बॅगेतून आणणं गुन्हा, जवळ ठेवणं गुन्हा, खाणंसुद्धा गुन्हा. २०२१ च्या जुलैत मालाडच्या एका बेकरीवर एनसीबीनं छापा घातला, तेव्हा गांजा घातलेले ८३० ग्रॅम ब्राउनी सापडले होते. त्याआधी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगूनच ठेवलं होतं की मिश्रण असेल तर भेसळीचंही वजन धरायचं. मैदा, साखर, जेली सगळं! माझी मैत्रीण ती डबी घेऊन मुंबई विमानतळाच्या ग्रीन चॅनलमधून शीळ घालत बाहेर आली होती.

गावी येऊन आठवडा झाला तरी घरात काही बोलले नव्हते. ‘जॉइनिंग पुढं ढकललंय’ एवढंच. आमच्या घरात चार पिढ्यांची माळ आहे. आबा दरवर्षी वारीला जातात, तंबाखूची पुडीसुद्धा उंबऱ्याबाहेर ठेवायला लावतात. त्या घरात मी ‘गांजा’ हा शब्द कुठल्या तोंडानं उच्चारणार होते?

तशात आईचे गुडघे. पुण्याहून निघताना मी तिच्यासाठी ऑनलाइन सीबीडीचं तेल निवडून ठेवलं होतं, ‘नॅचरल’ लिहिलेलं. सहज मंचरच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला. ‘वॉरफरिन चालू आहे ना आईला?’ हृदयाची झडप बदलल्यापासून आई रक्त पातळ ठेवायची ती गोळी घेते. सीबीडीमुळे यकृतात वॉरफरिन जिरण्याचा वेग कमी होतो, ते रक्तात साठत जातं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. अमेरिकेत २०१८ मध्ये फिट्सच्या औषधाला मान्यता मिळाली त्यात सीबीडीच आहे, आणि तेसुद्धा यकृताच्या तपासण्या करत करत द्यावं लागतं. घरी येऊन ते तेल कार्टमधून काढून टाकलं. माझी नोकरी गेली त्यापेक्षा त्या रात्री जास्त रडले.

दुसऱ्या दिवशी आबांच्या मागे रानात गेले. बटाट्याच्या आधी ते एका तुकड्यात ताग करतात. डोक्याएवढा वाढला होता, पिवळ्या फुलांनी नुसता भरलेला. फूल आलं की नांगरून मातीत गाडायचा, खत होतं. ट्रॅक्टर यायचा होता. बांधावर बसले आणि सांगून टाकलं : नोकरी गेली, टेस्टमध्ये आलं, गोळ्या खाल्ल्या होत्या.

‘कसल्या गोळ्या?’

‘हेम्पच्या.’

आबा बराच वेळ तागाकडे बघत राहिले. ‘हेम्प म्हंजी ताग ना? बियाण्याच्या पिशवीवर असतंय की. सनहेम्प.’

खरंच असतं. इंग्रजांना जिथे जिथे वाख दिसला तिथे त्यांनी हेम्प म्हटलं. ताग झाला सनहेम्प, आणि आई भाजी करते ती अंबाडी झाली डेक्कन हेम्प. दोन्हींचा कॅनाबिसशी काडीचा संबंध नाही. मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. आबांनी आळीत सांगितलं असतं, पोरीनं तागाच्या गोळ्या खाल्ल्या, कंपनीवाले येडे आहेत. विषय संपला असता.

‘नाही आबा. तो ताग नाही. त्यात गांजा असतो.’

त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. फाट्याकडून ट्रॅक्टरचा आवाज यायला लागला होता.

‘झोप लागायची का गं त्यानं?’

‘लागायची.’

‘मंग आदी झोपंचं बघू,’ म्हणाले, आणि ट्रॅक्टरला वाट दाखवायला उठले.