चातुर्मासापूर्वीची शाकारणी

पावसाळा लागला की आपले साधू-साध्वी विहार थांबवितात. ओल्या भूमीवर असंख्य जीव उत्पन्न होतात आणि पावलागणिक त्यांची विराधना संभवते, हे त्यामागील कारण आपण सर्वच जाणतो. घराची दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थानेही हाच विचार का करू नये, असा प्रश्न मला माथेरान येथील आमच्या लहानशा वडिलोपार्जित घराने घातला.

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढून आले आणि पुढे येथे थंड हवेचे गाव वसले. १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे सुरू झाली. खासगी मोटारींना मात्र दस्तुरीपुढे आजही प्रवेश नाही. खारघरहून निघालेली आमची गाडी तेथेच थांबते. पुढे कौले, सिमेंट, लाकूड सारे घोड्यावर किंवा हमालाच्या डोक्यावर जाते. साहजिकच मालाच्या किमतीपेक्षा वाहतूकच भारी पडते. तरीही एका खेपेचा माल आम्ही दोन खेपांत नेतो. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण सांगितले आहे. भाडे वाचविण्यासाठी मुक्या प्राण्याच्या पाठीवर ओझे वाढविणे आम्हांस रुचत नाही.

मुख्य कामे वैशाखात उरकतात. माकडांनी सरकविलेली व फोडलेली कौले बदलून घर शाकारायचे, पन्हळीतील पालापाचोळा काढायचा, ओसरीला झडीच्या बाजूने बांबूचे तट्टे बांधायचे, अंगणातील फरशा मऊ कुंच्याने झाडायच्या. जमीन कोरडी असते तोवर हे सारे जयणेने होते. आषाढात त्याच फरशांवर शेवाळ धरते. त्या अनंतकायावर पाय ठेवण्याचा किंवा ते खरवडण्याचा प्रसंग येऊ नये, म्हणून आषाढ शुद्ध चतुर्दशीपूर्वी घर बंद करून आम्ही खाली येतो, ते कार्तिक सरल्यावरच पुन्हा वर जातो.

तीन वर्षांपूर्वी मागील दाराच्या चौकटीस वाळवी लागलेली आढळली. सुताराने विषारी औषध मारण्यास सुचविले आणि घरात मतभेद झाला. धाकटे बंधू म्हणाले, गृहस्थाला आरंभी हिंसा सर्वथा टळत नाही. घर राखणे हेही कर्तव्यच आहे. त्यांचे म्हणणे शास्त्राला सोडून नव्हते. परंतु मारण्याच्याच हेतूने विष घालणे म्हणजे संकल्पी हिंसेच्या उंबरठ्यावर उभे राहणे, असे माझ्या पत्नीचे मत पडले. अखेर चौकट अलगद उतरवून रानाच्या कडेला सावलीत ठेवली. त्यात जीवहानी झालीच नाही, असे मी म्हणणार नाही. नवी चौकट दगडी उंबऱ्यावर बसविली, भिंतीला टेकलेली माती हटविली, गळणारी पन्हळ बदलली. वाळवीला ओल लागते आणि मातीतून लाकडापर्यंत वाट लागते. या दोन्ही गोष्टी तोडल्या. त्यानंतरचे तीन पावसाळे चौकट निर्दोष आहे. तरी आढ्यालाच वाळवी लागली तर काय करावे, हा बंधूंचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासताना महसुली आणि भांडवली खर्च वेगळे मांडण्याची सवय लागली. वेळच्या वेळी केलेला थोडा महसुली खर्च पुढचा मोठा भांडवली खर्च टाळतो, हे प्रत्येक व्यापाऱ्यास ठाऊक असते. त्या ताळेबंदात जीवहानीचा रकाना मात्र नसतो. वैशाखात बदललेले एक कौल केवळ तुळई वाचवीत नाही. त्या ओलीत जन्मून पुढे आपल्याच हातून मरणाऱ्या जीवांची उत्पत्तीही ते थांबविते.

आपल्यापैकी अनेकांची दुकाने आहेत, धान्याची व कापडाची गोदामे आहेत. छपराची गळती, भिंतीची ओल, जमिनीला टेकलेल्या थप्प्या यांची पाहणी चातुर्मासाच्या आधी महिनाभर केली, तर श्रावणात औषध फवारावे की न फवारावे, हा धर्मसंकटाचा प्रश्न बहुतेक ठिकाणी उद्भवणारच नाही.